मिनिएचरवर ॲक्रिलिक रंगांचं ब्लेंडिंग: या चुका टाळा

मिनिएचर, म्हणजे छोटी मूर्ती, रंगवताना दोन छटा एकमेकींत मिसळायच्या (हेच ब्लेंडिंग) असतील, तर अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवू नका. नवीन रंगवणाऱ्यांच्या दहापैकी आठ मूर्तींवर मला हीच चूक दिसते. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना धरतात आणि दुधावर साय यावी तसा पापुद्रा येतो. त्याला या वेळी हात लावला की तो फाटतोच.

एकदा मे महिन्यात, डोक्यावर पंखा चालू ठेवून, मी ५४ मिलिमीटरच्या मावळ्याचा लाल शेला रंगवत होतो. गडद लाल आणि नारिंगीच्या मधे एक रेघ दिसत होती. ‘एकदाच फिरवतो’ म्हणून ओला ब्रश लावला आणि रंगाची साल निघाली, खालचा राखाडी प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) उघडा पडला. ते झाकायला जाड रंग थापला, तर शेल्याच्या चुण्या बुजल्या. तीन संध्याकाळींचं काम खरवडून काढावं लागलं.

आता ब्लेंडिंगला बसलो की आधी पंखा बंद. रेघ दिसली तरी ब्रश खाली ठेवतो, थर पूर्ण सुकू देतो आणि मग ग्लेझच्या, म्हणजे आरपार दिसणाऱ्या पातळ रंगाच्या, थरांनी ती रेघ दिसेनाशी करतो.

ग्लेझ म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे. एक थेंब रंग, त्याला चार-पाच थेंब ग्लेझ मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव) आणि तेवढंच पाणी. ब्रश बुडवला की टिश्यूला टेकवायचा, मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढायची. नख आरपार दिसलं आणि कडेला रंग साचला नाही, तरच मूर्तीला लावायचा. ब्रश जिथे उचलाल तिथे रंग जास्त उतरतो, म्हणून सावलीचा रंग सावलीकडेच ओढा. असे सहा-आठ थर लागतात. ‘दोन थरांत भागेल का?’ असं सगळे विचारतात. नाही भागत.

ट्रिपल झीरो (०००), म्हणजे अगदी बारीक, ब्रशचा मोह सोडा. त्याच्या टोकावरचा रंग मूर्तीपर्यंत पोचेतो सुकतो. टोकदार १ नंबरचा घ्या.

लाल उजळायला पांढरा नको, गुलाबी आणि खडूसारखा होतो. नारिंगी किंवा त्वचेचा रंग घाला.

रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा सुकवणारं द्रव, अगदी थेंबभर. जास्त झाला तर रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो.

वेट पॅलेटसाठी, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या पॅलेटसाठी, झाकणाचा डबा, ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद पुरतो. मात्र कागदावर पाण्याचं तळं दिसलं तर स्पंज पिळून घ्या, नाहीतर रंग पसरत जातो.