प्रसिद्धीपत्रकातला ‘कंपनीविषयी’ परिच्छेद

पत्रकाचा मजकूर संपल्यावर आणि संपर्काच्या तपशिलाआधी ‘कंपनीविषयी’ असा एक परिच्छेद येतो. बातमी दर वेळी नवी, हा परिच्छेद तोच. उपसंपादक तो अख्खा क्वचितच छापतो. कंपनीची ओळख देण्यापुरतं अर्धं वाक्य उचलतो. ते अर्धं वाक्य त्याला पहिल्या ओळीतच मिळायला हवं.

म्हणून सुरुवातीला नोंदणीकृत पूर्ण नाव, गाव आणि नेमकं काम. ‘जागतिक दर्जाची सेवा देणारी अग्रगण्य कंपनी’ यावर पहिली काट बसते. (अग्रगण्य नसलेली कंपनी पत्रकात कुठे भेटते?) ‘वाहनांसाठी रबरी सील बनवणारी चाकणची कंपनी’ हे मात्र टिकतं. ‘आम्ही’ नको, कंपनीचं नाव घ्या.

मग स्थापनेचं वर्ष. धंदा आधी सुरू झाला आणि कंपनी म्हणून नोंदणी नंतर झाली, तर दोन्ही वर्षं द्या. किर्लोस्कर ब्रदर्सची स्थापना १८८८ची, नोंदणी १९२०ची. एका पत्रकात हे आणि दुसऱ्यात ते वर्ष गेलं, की कंपनीचं वय दोन बातम्यांत वेगवेगळं छापून येतं.

आकडे दोन-तीनच, तेही तारखेसह: ‘३१ मार्च २०२५ अखेर ३४० कामगार’. तारीख नसलेला आकडा तीन वर्षांनीही तसाच फिरत राहतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर उलाढाल बाजाराला कळवलेल्या आकड्याशी जुळवून घ्या आणि बाजारातला कोडही द्या. शेवटी संकेतस्थळ. एकूण ६० ते ८० शब्द पुरेत.

मराठी पत्रकात चुका होतात त्या बहुतेक भाषांतरात. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. घाईत एखादं शून्य इकडचं तिकडे होतं. कंपनीच्या नावाचं देवनागरी लेखन एकदाच ठरवा, नाहीतर ‘टेक्नॉलॉजीज’ आणि ‘टेक्नोलॉजीस’ या दोन कंपन्या वाटतात. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर निव्वळ खुणा होऊन उघडतो.

मूळ परिच्छेद एकाच फाइलीत, एकाच माणसाकडे असू द्या. वार्षिक हिशेब मंजूर झाले, पत्ता किंवा नाव बदललं, की त्याच दिवशी तो सुधारा. जुन्या पत्रकातून उचलून चिकटवू नका. दोन कंपन्यांचं संयुक्त पत्रक असेल तर दोन स्वतंत्र परिच्छेद द्या, आणि दुसरा त्यांच्याकडूनच लेखी मागवून घ्या.