आठव्या-नवव्या महिन्यात अंगावरून रक्त गेलं तर या चुका टाळा

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत रक्त दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती गेलं?' चुकायला सुरुवात इथूनच होते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, वेळेआधी सुटली तर रक्त आतच साठू शकतं. पॅडवर चमचाभर दिसतं आणि बाईचा बीपी मात्र उतरत जातो. पोट दगडासारखं कडक होणं, सतत दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, ही त्याची लक्षणं.

वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल तर उलट घडतं. लालभडक रक्त न दुखता जातं, कधी झोपेतच, आणि आपोआप थांबतं. 'थांबलंय की, सकाळी बघू' ही सगळ्यांत घातक चूक. पुढच्या वेळी किती जाईल, हे कुणालाच सांगता येत नाही.

दिवस भरल्यावर चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली तर बाळंतपण जवळ आल्याची ती खूण असू शकते. पण 37 आठवडे भरले नसतील किंवा नुसतं पातळ रक्त असेल, तर तसं गृहीत धरू नका.

सोनोग्राफीत वार कुठे आहे हे कळेपर्यंत कुणालाही बोट घालून आतून तपासू देऊ नका. बोट वारेला लागलं तर रक्ताची धार लागते. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर 'वार खाली' असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, बहुतेकींची पुढे वर सरकते. मात्र 32 आठवड्यांच्या सुमारास फेरतपासणी हवीच. पोरगी माहेरी येते आणि नेमका रिपोर्ट सासरी राहतो, तो आठवणीने आणा.

108 ला फोन करा, डाव्या कुशीवर झोपवा. चहा, साखरपाणी काहीही देऊ नका, सिझेरियन लागू शकतं. कापूस आत कोंबू नका, रक्त थांबवायची गोळी मनाने देऊ नका. भिजलेले पॅड पिशवीत घालून सोबत न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं सांगा. अशा बाईला अँटी-डी इंजेक्शन रक्त गेल्यापासून 72 तासांच्या आत द्यावं लागतं.

जवळ आहे म्हणून कुठेही नेऊ नका. रक्त आणि सिझेरियनची सोय रात्रीही आहे का, हे आधीच विचारून ठेवा. वार खाली असलेली बाई गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या वाडीवस्तीवर राहत असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर येऊन रस्ते बंद व्हायच्या आत तिला कोल्हापुरात, सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या दवाखान्याजवळ, नातेवाइकांकडे आणून ठेवा.