जुन्या घराचा नकाशा कुठं मिळतो आणि कसा वाचायचा

"वर एक मजला चढवायचाय, नकाशा आहे आमच्याकडं," असं म्हणत लोक ऑफिसात येतात आणि पिशवीतून महापालिकेच्या शिक्क्याचा कागद काढतात. त्यात खोल्या असतात, दारं-खिडक्या असतात, ड्रेनेजची लाइन असते. लोखंड नसतं. पाया किती खोल, कॉलममध्ये सळ्या किती, हे आर.सी.सी.च्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या नकाशात असतं आणि तो वेगळा कागद. ज्या ऑफिसनं घर डिझाइन केलं, बहुधा त्यांच्याकडंच तो असतो, म्हणून शोध तिथून सुरू करा.

मी सोलापुरात रेल्वे लाइन्समधल्या अशाच एका जुन्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. सध्याच्या साहेबांच्या आजोबांनी ते सुरू केलं. आर्किटेक्ट आणि आर.सी.सी. इंजिनिअर पहिल्यापासून एकाच छताखाली. पूर्वभागातल्या माग शेड, मुरारजी पेठेतले बंगले, खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं, सगळ्यांच्या सुरळ्या पत्र्याच्या नळकांड्यांत आहेत आणि नोंद जॉब रजिस्टरात.

रजिस्टर लावलेलं असतं त्या वेळच्या मालकाच्या नावानं. तुमचं नाव सांगून काही सापडणार नाही. आजोबांचं नाव, पेठ, जुना घरनंबर आणि सिटी सर्व्हे नंबर घेऊन या. ऑफिसचं नाव ठाऊक नसेल तर मंजुरीच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात खाली बघा, तिथं सही-शिक्का असतो. मंजुरीचा कागदही नसेल तर खरेदीखताची जोडपत्रं आणि बँकेची कर्जाची फाइल चाळा. शेवटचा मार्ग माहितीच्या अधिकारात महापालिकेकडं अर्ज: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वेळ घालवू नका. तो जागेचा असतो, बांधकामाचा नाही.

नकाशा हातात आला की आधी त्याचं वय काढा. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा म्हणजे ब्लूप्रिंट, बराच जुना. पांढरट कागदावर जांभळट रेघा म्हणजे अमोनिया प्रिंट. आर्किटेक्टच्या सहीखाली 'सीए' आणि वर्ष-नंबर, म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक असेल तर कागद १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानंतरचा. फूट-इंचावरून मात्र वर्ष ठरवू नका, आमचे गवंडी आजही फुटातच बोलतात.

मग लोखंड. जुन्या नकाशात सळई इंचाच्या अपूर्णांकात लिहिलेली असते, आणि साइटवर तीच सुतात मोजतात: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे जवळपास १० मिमी, चार सूत १२, पाच सूत १६. सळई गुळगुळीत आहे की पिळाची टोर, हेही बघा, दोन्हींची ताकद सारखी नसते. काँक्रीटपुढं 'एम १५०' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो ताकदीचा आकडा किलो प्रति चौरस सेंटीमीटरमधला आहे. १९७८च्या काँक्रीट संहितेपासून त्यालाच एम १५ म्हणतात, आणि २००० सालच्या संहितेनुसार आर.सी.सी.ला किमान एम २० लागतं.

पायाच्या तपशिलावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चांगल्या नकाशात पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला दिसेल आणि शेजारी तशी टीप असेल. 'भविष्यातील एक मजला धरून' अशी टीप असेल तर तुमचं नशीब. नसेल तर पाया आहे त्या मजल्यांपुरताच आहे, असं समजून चाला. नकाशात कॉलमच नसतील आणि भिंती १४ इंची किंवा दगडी दीड फुटी असतील, तर घर भिंतींवर उभं आहे. तिथं हॉल मोठा करायला मधली भिंत पाडतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा.

३० सप्टेंबर १९९३च्या, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या आधीचा कागद असेल तर भूकंपाचा हिशेब मुद्दाम विचारा. किल्लारीचा भाग तेव्हा सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये धरला जायचा. २००२च्या भूकंप संहितेत सोलापूर झोन ३ मध्ये धरलं गेलं.

प्रिंटवर पट्टी ठेवून मापं काढू नका, कागद ताणतो आणि आकसतो. लिहिलेलं मापच खरं. तेही घरात टेप लावून ताडून बघा, कारण बांधताना मालकानं जिना फिरवला आणि नकाशा तसाच राहिला, हे सर्रास झालेलं असतं. सळ्यांची खात्री इंजिनिअर रीबार लोकेटरनं करून देतो, काँक्रीटची हॅमर टेस्टनं, आणि शंका राहिली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना कापून काढून.

मूळ ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून प्रिंटा काढतात तो पारदर्शक कागद, कुठलंच ऑफिस घरी नेऊ देणार नाही, आणि देऊही नये. फी भरून पूर्ण आकाराचं स्कॅन मागा. हातातली अमोनिया प्रिंट उन्हात धरून फोटो काढत बसू नका, ती उजेडानं उडते. घडी न घालता गुंडाळा, धुतलेल्या मांजरपाटात बांधा आणि कपाटात आडवी ठेवा. लॅमिनेशन मात्र अजिबात नको.