‘विझर्ड्री’च्या विक्रीपूर्व डिस्क : शोधायच्या कुठे, ओळखायच्या कशा

‘विझर्ड्री’ हा पात्रे घेऊन भुयारांत लढायचा संगणक-खेळ सर-टेक कंपनीने सप्टेंबर १९८१ मध्ये ॲपल टू संगणकासाठी बाजारात आणला. त्याआधी अँड्रू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड यांच्या हातून त्याची बरीच रूपे होऊन गेली होती : आधी बेसिक भाषेत, मग ॲपल पास्कल या भाषा-प्रणालीत. मधल्या काळात तो ‘डंजन्स ऑफ डिस्पेअर’ या नावाने ओळखला जाई. त्या काळातली एक डिस्क सापडली तरी खेळाचे नियम कसे ठरत गेले ते दिसते. फक्त लेबलावर विसंबू नका. लेबल कोणीही, केव्हाही चिकटवू शकतो. खरी साक्ष डिस्कच्या डिरेक्टरीत, म्हणजे तिच्यावरच्या फाइलींच्या यादीत, असते.

शोध सुरू करण्याआधी तुलनेचा साठा भरून ठेवा. इंटरनेट आर्काइव्ह आणि ॲपल टूच्या प्रोग्रॅमांच्या असिमोव्ह या ऑनलाइन संग्रहातून विक्रीच्या आवृत्तीच्या जितक्या प्रती मिळतील तितक्या उतरवून घ्या. तुलनेला काहीच नसेल तर नवे काय सापडले हे कळणार नाही. १९८१ च्या ‘सॉफ्टॉक’ (Softalk) या ॲपल संगणकांच्या मासिकाचे अंकही चाळा. जाहिरातीतली पडद्याची चित्रे विक्रीच्या खेळाशी ताडून पाहा, फरक दिसला तर टिपून ठेवा.

लिलावात ‘विझर्ड्री’ हा शब्द सगळेच शोधतात. तुम्ही ‘ॲपल पास्कल’, ‘बिननावाच्या डिस्क’, ‘ॲपल टू डिस्कचा गठ्ठा’ असे शोधा. दोघेही लेखक कॉर्नेल विद्यापीठाचे आणि सर-टेक ऑग्डेन्सबर्गची. म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातून निघणारे गठ्ठे आधी पाहावेत. डिस्क भारतात मागवण्यापेक्षा तिकडच्या कोणा ओळखीच्याकडून तिथेच वाचून घेतलेली बरी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत चुंबकीय पृष्ठभागावर बुरशी लवकर धरते.

डिस्क हाती आली की सर्वांत मोठी चूक म्हणजे ती लगेच सुरू करून पाहणे. खेळ डिस्कवर लिहितो, आणि एकदा लिहिले की मूळ गेले. आधी कडेची खाच चिकटपट्टीने झाका. लेबलाचे, पाकिटाचे फोटो काढा. डिस्कच्या आवरणातल्या खिडकीतून पृष्ठभाग हाताने हळू फिरवत पाहा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होते आणि पुढची चांगली डिस्कही खरवडली जाते. ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि प्रत्येक डिस्कनंतर हेड साफ करा.

वाचनासाठी ॲपलच्याच डिस्क टू ड्राइव्हला जोडलेले ॲपलसॉस हे डिस्क-वाचन उपकरण उत्तम. ग्रीजवीझल हे तसेच उपकरण आणि पीसीचा सव्वापाच इंची ड्राइव्हही चालतो, पण उलटी बाजू वाचताना अडतो : ॲपलला डिस्कवरच्या निर्देशांक-छिद्राची गरज नसते, पीसीच्या ड्राइव्हला असते. डिस्क उलटली की ते छिद्र संवेदकासमोर येत नाही आणि काही ड्राइव्ह काहीच माहिती देत नाहीत. कशानेही वाचा, पहिली फाइल कच्च्या चुंबकीय बदलांचीच हवी. बाकी सगळी रूपे तिच्यातून काढता येतात. विक्रीच्या प्रतीला नक्कल-प्रतिबंध आहे, त्यामुळे साधी सेक्टरनिहाय (डिस्कच्या एकेका ठरावीक तुकड्याची) प्रत अपुरी पडते.

बेसिकच्या काळातली डिस्क असेल तर ती दर वर्तुळाकार मार्गावर १३ सेक्टरांची असू शकते, कारण ॲपलची १६ सेक्टरांची डिस्क-प्रणाली डॉस ३.३ १९८० मध्ये आली. अशी डिस्क नव्या पद्धतीने वाचली तर सगळीकडे चुका दिसतात आणि लोक ती खराब समजून टाकून देतात. सेक्टरच्या पत्त्याची सुरुवात सोळामान (हेक्स) आकड्यांत पाहा : डी५ एए ९६ असेल तर १६ सेक्टर, डी५ एए बी५ असेल तर १३.

आता डिरेक्टरी. पास्कल डिस्कवर ५१२ बाइटांचे २८० ब्लॉक असतात, एकूण १,४३,३६० बाइट. डिरेक्टरी ब्लॉक २ ते ५ मध्ये असते आणि प्रत्येक नोंद २६ बाइटांची. पहिली नोंद डिस्कच्या नावाची, पुढच्या फाइलींच्या. डिस्कची प्रतिमा (वाचून बनवलेली पूर्ण फाइल) प्रोडॉस क्रमात, म्हणजे ब्लॉकांच्या क्रमाने, असेल तर डिरेक्टरी बाइट १०२४ पासून दिसेल. डॉस क्रमातल्या प्रतिमेत सेक्टरांची जागा बदललेली असते, तिथे हाच आकडा शोधून काही मिळणार नाही. ती सायडरप्रेस या डिस्क-प्रतिमा उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडा किंवा आधी क्रम बदलून घ्या.

फाइलीच्या नोंदीचे शेवटचे दोन बाइट म्हणजे तारीख. खालचे ४ बिट महिना, पुढचे ५ दिवस, वरचे ७ वर्ष. १५ ऑगस्ट १९८१ हे डिस्कवर ‘एफ८ ए२’ असे दिसेल. झटपट पाहायचे तर दुसरा बाइट बघा : ए० किंवा ए१ म्हणजे १९८०, ए२ किंवा ए३ म्हणजे १९८१. मात्र तारखेवर आंधळा भरवसा नको. ॲपल टूमध्ये घड्याळ नव्हते. तारीख हाताने घालावी लागे, आणि घालायची राहिली तर मागचीच तारीख नव्या फाइलीवर बसे. म्हणून फाइल तिच्या तारखेपेक्षा नवी असू शकते.

याहून भक्कम कसोटी मेमरीची. पूर्ण ॲपल पास्कलला ६४ केबी लागत, म्हणजे जादा मेमरीचे लँग्वेज कार्ड हवेच. पण खेळ ४८ केबीच्या यंत्रावर चालावा म्हणून ॲपलच्या पास्कल रनटाइमची (तयार प्रोग्रॅम फक्त चालवणाऱ्या लहान भागाची) वाट पाहावी लागली, आणि विक्री त्यासाठीच लांबली. तेव्हा प्रतिमेची नक्कल करून ती एमुलेटरमध्ये (जुन्या यंत्रासारखे वागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ४८ केबीच्या ॲपल टू प्लसवर चालवा. मेम (MAME) या एमुलेटरात शून्य क्रमांकाचा स्लॉट, म्हणजे लँग्वेज कार्डाची जागा, रिकामा ठेवायला विसरू नका. डिस्क तिथे चालत नसेल आणि ६४ केबीवर चालत असेल, तर ती रनटाइम येण्याआधीची असण्याची शक्यता बळावते. त्यातच सिस्टिम.फायलर, सिस्टिम.एडिटर किंवा सिस्टिम.कंपायलर या फाइली दिसल्या, तर ती कोणाची तरी कामाची डिस्क होती.

मोकळे दिसणारे ब्लॉकही तपासा. पास्कलमध्ये फाइल पुसली की फक्त तिची नोंद जाते, मजकूर तसाच पडून राहतो. तिथे मूळ प्रोग्रॅमचे तुकडे सापडू शकतात. मजकुराच्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आवळून ठेवलेल्या असतात : बाइट १० (सोळामान), आणि पुढच्या बाइटात जागांची संख्या अधिक ३२ (दशमान). बाइट १० मागोमाग २०, २२ असे सोळामान आकडे आणि मग इंग्रजी अक्षरे असा साचा दिसला की थांबा, नीट वाचा. ब्लॉक ६ ते ९ मध्ये कधी कधी डिरेक्टरीची दुसरी प्रतही असते, आणि ती मुख्य प्रतीपेक्षा जुनी असू शकते.

बनावट प्रती बहुधा एकाच जागी उघड्या पडतात. कोणी विक्रीच्या प्रतीतले नाव बदलतो, पण प्रोग्रॅम तोच राहतो. म्हणून संपूर्ण डिस्कचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवू नका. खेळाडूंची पात्रे साठवलेली असल्यामुळे तो दोन अस्सल प्रतींतही जुळणार नाही. प्रोग्रॅमच्या फाइली एकेक करून ताडा. त्यांच्या पहिल्या ब्लॉकमध्ये ६४ व्या बाइटपासून सेगमेंटांची (प्रोग्रॅमच्या तुकड्यांची) आठ-आठ अक्षरी नावे असतात, आणि त्याआधीच्या ६४ बाइटांत त्यांच्या जागा व लांबी. नावे व लांबी हुबेहूब विक्रीच्या प्रतीसारखी आणि बदल फक्त शीर्षकाच्या अक्षरांत, तर ती डिस्क नंतर कोणीतरी केलेली आहे. लांबी वेगळी, सेगमेंट कमी-जास्त आणि मेमरीची कसोटीही तेच सांगत असेल, तर कच्ची फाइल, फोटो आणि प्रत्येक फाइलीचा हॅश एकत्र ठेवून दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. पात्रांच्या नावांत खऱ्या माणसांची नावे असतील, तर ती प्रसिद्ध करण्याआधी झाका.