साइडिंग नवं, उंदीर जुनेच: या चुका टाळा

कुरतडलेल्या, कुजलेल्या फळ्या काढून बाहेरच्या भिंतीला नवं साइडिंग, म्हणजे फळ्यांचं किंवा पत्र्याचं बाहेरचं आवरण, लावलं जातं. घर झकास दिसतं आणि महिन्याभरात भिंतीच्या आतून पुन्हा तीच खुडबुड सुरू होते. दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो. लाकूड, व्हिनाइल (एक प्रकारचं प्लास्टिक), फायबर सिमेंट, पत्रा, काहीही लावा; साइडिंग मुळात पावसासाठी असतं. त्याच्यामागे पाणी निथळावं, हवा खेळावी म्हणून पोकळी ठेवलेली असते. या पोकळीची तोंडं उघडी राहिली तर उंदराला जमिनीपासून आढ्यापर्यंत आडोशाचा जिनाच मिळतो, आणि तीच तोंडं सिलिकॉनने गच्च बुजवली तर पाणी आत कोंडतं. पाणी-हवा जाईल पण जनावर जाणार नाही, एवढंच साधायचं असतं. ते साधायची वेळ मात्र भिंत उघडी असते तेवढीच.

आत कोण आहे हे न बघता फळ्या उचकटणं

जुनं साइडिंग काढण्याआधी पाहुणा ओळखा. 3 ते 6 मिलिमीटरच्या टोकदार, काळ्या लेंड्या लहान घरउंदराच्या. 12 मिलिमीटरहून मोठ्या असतील तर मोठा उंदीर. वटवाघळाची विष्ठा दिसायला उंदराच्या लेंडीसारखीच असते, पण काडीने दाबली की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते कण दिसतात. उंदराची वाळलेली लेंडी कडक राहते. फटीच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा दिसला तर ती रोजची वाट समजा. अंग घासून घासून तो पट्टा तयार होतो.

आवाजाची वेळही बरंच सांगते. रात्रभर खरवडणं उंदरांचं, उजाडताना आणि दिवसा धावपळ खारीची, तिन्हीसांजेला बारीक चिरचिर वटवाघळांची. भोक वापरात आहे का हे कळत नसेल तर त्यात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबा. दोन-तीन रात्रींत तो बाहेर पडला तर आत कुणीतरी राहतंय.

एवढी चौकशी करायची, कारण प्रत्येकाला लागणारी फट वेगळी. घरउंदराला 6 मिलिमीटर पुरतात, मोठ्या उंदराला साधारण 12, वटवाघळाला 10 ते 12 मिलिमीटरची लांबट चीर, चिमणीला 30 च्या आसपास, खारीला तिच्या जातीप्रमाणे 25 ते 40. साधी पेन्सिल सुमारे 7 मिलिमीटर जाड असते. पेन्सिल आत शिरते त्या फटीतून उंदीरही शिरतो, असं धरून चाला.

जनावर आत असतानाच भिंत बंद करणं

हे झालं की दोनच शक्यता उरतात. कोंडलेलं जनावर आतल्या बाजूने कुरतडत खोलीत येतं, नाहीतर भिंतीत मरतं आणि वास काही आठवडे जात नाही. विषाच्या गोळ्या टाकून वर साइडिंग ठोकणं हा दुसऱ्या शक्यतेचा हमखास रस्ता आहे. त्यापेक्षा स्प्रिंगचे सापळे लावा. ते भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे, दोन सापळ्यांत 2 ते 3 मीटर अंतर. सलग काही रात्री सापळे रिकामे राहिले की मगच भिंत बंद करायला घ्या.

वटवाघळांसाठी एकेरी वाट करतात: चिरेवर वरून आणि दोन्ही कडांनी पक्की केलेली, खाली सुटी लोंबणारी बारीक जाळी. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. ती निदान आठवडाभर ठेवा. पिल्लांना उडता येत नाही त्या काळात हे काम हातात घेऊच नका. आया बाहेर अडकतात आणि पिल्लं आत मरतात. अनेक देशांत वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, तेही आधी तपासा.

फळ्या निघाल्यावर मागे लेंड्यांचा थर दिसेल. झाडू किंवा साधा व्हॅक्युम तिथे चालवू नका, धूळ उडून श्वासात जाते. हातमोजे आणि मास्क घालून एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि मग कागदाने पुसून घ्या. याच वेळी मेन स्विच बंद करून भिंतीतल्या वायरी बघा. तांबं उघडं पडलेली एक वायरही नव्या साइडिंगमागे जाता कामा नये. साइडिंग जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचं असल्याचा संशय असेल तर ते कापू-तोडू नका. ते काढायला त्या कामाची परवानगी असलेलीच माणसं लागतात.

जाळी चुकीची, किंवा बरोबर जाळी चुकीच्या जागी

सगळ्यात जास्त कामं इथे फसतात. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी उंदराला कमानीसारखी वाटत असेल. प्लास्टिकची किंवा फायबरची मच्छरजाळी एका रात्रीचं काम. 12 मिलिमीटरची वेल्डेड जाळी मोठ्या उंदराला अडवते, घरउंदराला नाही. लागते ती 6 मिलिमीटर चौकोनाची, 23 गेजची (तार सुमारे 0.6 मिलिमीटर जाड, म्हणून भोक 6 हून कमीच उरतं), गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर चढवलेली वेल्डेड जाळी. तार बारीक असल्याने तिचा सुमारे 80 टक्के भाग उघडाच असतो, त्यामुळे हवा आणि पाणी अडत नाही. समुद्राजवळच्या दमट, खारट हवेत स्टेनलेस स्टीलची घ्या.

घेताना तारांचे सांधे डोळ्यांजवळ धरून बघा. वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइज केलेल्या जाळीत प्रत्येक सांध्यावर जस्ताचा छोटा गोळा चढलेला दिसतो. आधी गॅल्व्हनाइज करून मग वेल्ड केलेल्या जाळीत सांधा जळून जस्त उडालेलं असतं. गंज तिथूनच धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत चौकोन सुटायला लागतात.

आता लावणं. बहुतेक जण साइडिंग पूर्ण करतात आणि शेवटी खालच्या फटीत जाळीची पट्टी कोंबतात. अशी पट्टी उंदीर नाकाने ढकलून सरकवतो. जाळी पहिल्या फळीच्या आधी, उभ्या रिपा ठोकायच्याही आधी लागायला हवी. रिपा 20 मिलिमीटर जाड धरल्या तर 150 मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा. त्यातले 90 मिलिमीटर भिंतीला चिकटून वर, मग 20 मिलिमीटरचा आडवा तळ, आणि उरलेले 40 मिलिमीटर रिपांच्या पुढच्या बाजूने वर. पाठ भिंतीवर दर 100 मिलिमीटरला गॅल्व्हनाइज्ड स्टेपलने पक्की करा. रिपा त्या पाठीवर ठोका, पुढची कड रिपांवर दुमडा, आणि पहिली फळी त्या कडेवर चढवा. जाळी दोन्हीकडून चिमटीत बसते, ओढून निघत नाही. भिंतीच्या जलरोधक कापडाचा खालचा काठ जाळीच्या पाठीवरून खाली यायला हवा. तो जाळीच्या मागे खोचला तर उतरणारं पाणी स्टेपलच्या भोकांतून आत जातं.

दोन पट्ट्या जोडताना 50 मिलिमीटर एकावर एक चढवा. 0.9 मीटर रुंद, 10 मीटर लांब रोलमधून अशा 6 पट्ट्या निघतात, म्हणजे 60 मीटर. 12 × 8 मीटरच्या घराचा घेर 40 मीटर. उरलेली जाळी कोपरे, खिडक्यांवरची तोंडं आणि वरचा काठ यांना लागतेच, तेव्हा ती सामान आवरताना फेकू नका. पत्रा कापायच्या कात्रीने ती सहज कापता येते, पण कापलेली तार सुईसारखी असते. जाड मोजे घाला.

जमीन मऊ असेल आणि घुशी बिळं करत असतील तर तळाची जाळी पुरत नाही. मग भिंतीलगत 300 मिलिमीटर खोल चर खणून जाळी उभी गाडा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला 150 ते 300 मिलिमीटर आडवं वळवा. घूस भिंतीला चिकटून खणते, आडवी जाळी लागली की अडते.

कोपऱ्याचे पोकळ खांब

व्हिनाइल साइडिंगच्या कोपऱ्याला बसवतात तो खांब आतून पोकळ आणि खालून उघडा असतो. खालची सगळी रांग जाळीने बंद केली आणि हे चार खांब विसरले, हे इतकं सर्रास होतं की तक्रार आली की आधी कोपऱ्यात वाकून बघावं. बाहेरून ते दिसतही नाहीत. आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा खालून धरावा लागतो. जाळीचा 150 मिलिमीटरचा चौकोन टोपीसारखा दुमडा, खांबात खालून 50 मिलिमीटर आत सरकवा आणि कडा भिंतीच्या बाजूला स्क्रू-वॉशरने पकडा. इथे फोम भरू नका, पाणी त्याच वाटेने उतरतं.

पन्हाळी पत्र्याच्या साइडिंगमध्ये हीच गोष्ट पन्हाळींच्या टोकांना होते. त्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, पण उंदरांच्या दृष्टीने ती गादी आहे. फोमपुढे जाळी किंवा त्याच आकाराची छिद्रांची धातूची पट्टी हवी.

पाइपांभोवती फोम, बाकी सगळीकडे सिलिकॉन

एसीचे पाइप, नळ, केबल जिथून भिंतीत शिरतात तिथे भोक पाइपापेक्षा मोठं असतं आणि ते फोमने भरलेलं असतं. फुगणारा फोम हवा अडवतो, दात अडवत नाही. आधी तांब्याची किंवा स्टेनलेसची जाळीदार लोकर घट्ट कोंबा, वर सीलंट, आणि शक्य तिथे धातूची चकती स्क्रूने बसवा. साधी स्टील वुल बाहेर वापरली तर ती गंजून भुगा होते आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लॅशिंगला (सांध्यावरून पाणी बाहेर वळवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला) टेकून तांब्याची लोकर ठेवू नका. ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

सिलिकॉनचा अतिरेक जास्त महाग पडतो. खिडकीच्या उभ्या कडा आणि पाइपांभोवती ते ठीक. पण खालची कड, खिडकीच्या माथ्यावरच्या फ्लॅशिंगचा ओठ, फळीवर फळी चढते तो आडवा सांधा आणि व्हिनाइलच्या तळाशी असलेली बारीक भोकं कधीही बुजवू नका. ती भोकं उंदराला पुरत नाहीत, पाण्याला मात्र लागतात. पाणी अडलं की मागचं लाकूड मऊ होतं, मऊ लाकडात मुंग्या आणि वाळवी येते, त्या किड्यांमागे सुतारपक्षी येतो, आणि कुजलेली फळी उंदीर पावासारखी कुरतडतो.

ठोकणं आणि अंतरं

व्हिनाइलचे खिळे घट्ट मारायचे नसतात. खिळा लांबट खाचेच्या मधोमध, डोक्याखाली 1 मिलिमीटर सैल, आणि फळीच्या टोकाला 6 मिलिमीटर मोकळे. घट्ट ठोकलेली फळी उन्हात फुगते, सांधा तोंड उघडतो, आणि दुरून सपाट दिसणाऱ्या भिंतीत वटवाघळापुरती चीर तयार होते. फायबर सिमेंट आणि लाकूड जमिनीपासून 150 मिलिमीटर वर ठेवा. मातीला टेकलेल्या फळीमागून वाळवी कशी चढली ते कळतही नाही. फायबर सिमेंट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा योग्य मास्क लावा. कापलेल्या कडेला प्रायमर मारायला विसरू नका. लाकडाची मागची बाजू आणि टोकं रंगवली नाहीत तर भुंगा कोऱ्या लाकडात सुमारे 12 मिलिमीटरचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक पाडतो.

वरचा काठ, म्हणजे भिंत आणि छप्पर भेटतात ती जागा, शिडी हलवायच्या कंटाळ्यापायी राहून जाते. खार आणि वटवाघूळ तिथूनच येतात. तिथेही 6 मिलिमीटरची जाळी, तशीच चिमटीत. फांद्या भिंतीपासून आणि छपरापासून 2 मीटर मागे छाटा. धूर बाहेर टाकणाऱ्या गॅस-उपकरणांच्या नळीवर मात्र स्वतःच्या मनाने जाळी बसवू नका. ती चोंदली तर विषारी वायू घरात येतो.

तरीही खुडबुड ऐकू आली तर

लगेच फोमचा डबा घेऊन धावू नका. भिंतीच्या पायाशी संध्याकाळी पिठाचा पातळ थर पसरा आणि सकाळी पावलं बघा. ती जिथे संपतात त्याच्या वर हातभर अंतरात वाट सापडते. पावलं कुठेच नसतील तर जनावर वरून येतंय. तिन्हीसांजेला अर्धा तास छपराच्या कडेकडे बघत उभे राहा.

आवाज एकाच जागी, दिवसेंदिवस क्षीण होत गेला तर कुणीतरी आत कोंडलंय. व्हिनाइलची फळी चपट्या आकड्याने न तोडता सोडवता येते: सांध्याच्या टोकाशी आकडा अडकवा, खाली ओढा आणि आडवा सरकवत न्या. थंडीत व्हिनाइल ठिसूळ होतं, म्हणून हे दुपारच्या उन्हात करा. फळी परत लावताना खालची पकड टक् आवाज करून बसली का ते हाताने चाचपत पूर्ण लांबीभर जा. अर्धवट बसलेली पकड पहिल्याच जोराच्या वाऱ्यात सुटते.