नाशिकला पोस्टिंग आली, आता बिऱ्हाड कुठे मांडायचं?

पोस्टिंगची ऑर्डर आली की सल्ले सुरू होतात. कुणी सांगतं गेटला चिकटून घर घ्या, कुणी म्हणतं कॉलेज रोडला बघा, तिकडे सगळं भारी मिळतं. आणि एक जण हमखास असतो, "वहिनी, महिन्याभरात क्वार्टर मिळतं, कशाला टेन्शन घेता?" असं म्हणणारा. हे सल्ले देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः कधी घर शोधलेलं नसतं. ते त्यांच्या बायकोने शोधलेलं असतं.

मी फौजीची बायको आहे. बरीच बिऱ्हाडं हलवून झाली आणि नाशिकला आता ओळखीपाळखीतल्या नव्या फॅमिलींना घर दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. मी सगळ्यांना एकच सांगते: नवरा घरी नसेल त्या दिवसासाठी घर निवडा. कोर्स, एक्सरसाइज, टेम्पररी ड्युटी, आणि पुढची फील्ड पोस्टिंग (जिथे फॅमिली नेता येत नाही) आली की मुलाच्या दहावीसाठी तुम्ही इथेच राहणार. त्याला गेटवर पोचायला दहा मिनिटं जास्त लागली तर तो बुलेटवर पोचतो. भर पावसात तापाने फणफणलेलं लेकरू एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, न्यायचं असतं तेव्हा रिक्षा तुम्हाला शोधायची असते.

१. कोणतं गेट, ते आधी विचारा

नाशिकमधली फौजेची ठिकाणं एका जागी नाहीत. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, ते फाळणीच्या वेळी काकूलहून इथे आलं. नाशिक रोड कॅम्पात आर्टिलरी सेंटर, म्हणजे तोफखान्याचे रिक्रूट जिथे घडतात ते. पुणे रोडला लागून गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल. दक्षिण देवळालीत हवाई दलाचा डेपो. आणि ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्याशेजारी, हवाई दलाचा बेस रिपेअर डेपो. देवळाली शहराच्या दक्षिणेला, ओझर ईशान्येला, मध्ये अख्खं नाशिक. त्यात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही रस्ते द्वारका चौकात एकमेकांना भेटतात. ऑफिस सुटायच्या वेळेला तिथे एकदा अडकून बघा. ओझरची पोस्टिंग असताना नाशिक रोडला फ्लॅट घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. कारण काय, तर नकाशावर 'नाशिक' एवढंच बघितलं.

२. क्वार्टरचा अर्ज

रिपोर्ट केल्या केल्या. उद्यावर टाकायचा नाही. क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला आणि बाहेर राहायची परवानगी त्याच फेरीत मागून घ्या. या कागदांशिवाय भाडेभत्ता अडतो.

३. शाळा

घराच्या आधी शाळा. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं उलटं होतं.

केंद्रीय विद्यालयं देवळालीत आहेत, नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेसची आहे, ओझरला आहे. मूल आधीच्या गावी केव्हीत असेल तर बदलीच्या टीसीवर काम सोपं होतं. नसेल तर जागा रिकामी आहे का, हे स्वतः जाऊन विचारा, फोनवर कुणी धड सांगत नाही. देवळालीत बार्न्स ही खासगी शाळा आहे, १९२५ची. तिचं आवार बघून माणूस हरखून जातो, पण फी विचारून मग हरखा. मूल परराज्यातून येत असेल आणि खासगी शाळेत घालायचं असेल, तर २०२०च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, हे ध्यानात ठेवा. अंबाल्यात वाढलेल्या साताऱ्याच्या पोरांनाही 'ळ' लिहिताना घाम फुटतो.

शाळा ठरली की तिच्या बसचा रूट मागून घ्या. थांब्यांची नावं कागदावर लिहून घ्या. हा कागद पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

४. मधले महिने: भाड्याचं घर

इथेच सगळ्यांची गाडी अडते. रिपोर्ट केल्यापासून क्वार्टर हातात येईपर्यंतचा काळ किती, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. यादी पुढे सरकते, मग मध्येच एखादा ब्लॉक दुरुस्तीला जातो आणि ती थांबते. त्यामुळे "चार दिवसांचा तर प्रश्न आहे" म्हणून मिळेल ते घर घेऊ नका. चार दिवसांचं वर्ष कसं होतं ते कळत नाही.

कुठे बघायचं, यावर माझी मतं पक्की आहेत.

देवळालीची पोस्टिंग असेल तर लॅम रोड. नाशिक रोडकडून देवळाली कॅम्पाकडे जाणारा हा रस्ता आहे. बाजार, दवाखाने, स्टेशन, शाळेच्या बसा सगळं त्याच्या आसपास. भगूर स्वस्त पडतं, गाव सरळ आहे, पण नवरा कोर्सला गेला की रात्री आठनंतर तुम्ही तिथे एकट्याच आहात, हे लक्षात घेऊन ठरवा. देवळाली कॅम्पातले जुने बंगले बघायला जाल तर मन घट्ट करून जा. उंच छत, पुढे आंब्याचं झाड, ऐसपैस ओसरी, भाडंही परवडणारं. मग पहिल्या जूनमध्ये कळतं की छत गळतंय. छावणीतल्या यापैकी बऱ्याच बंगल्यांची जमीन सरकारची, बंगला तेवढा मालकाचा. बांधकामात काही बदलायचं तर कॅन्टोन्मेंटची परवानगी लागते, म्हणून मालक हात लावत नाही. तुम्ही बादल्या लावत बसता.

आर्टिलरी सेंटर किंवा गांधीनगरची पोस्टिंग असेल तर जय भवानी रोड, उपनगर, डीजीपी नगर, जेल रोड. सासर सातारा-सांगलीकडे असेल तर नाशिक रोड सोडूच नका. पुण्याकडून येणारी एसटी तिथूनच जाते, सासूबाईंना रिक्षा बदलत शहरातून यावं लागत नाही. ही गोष्ट कुठल्याही ब्रोकरच्या यादीत नसते, पण वर्षभर कामाला येते.

ओझरची असेल तर ओझर गाव, नाहीतर आडगाव-अमृतधामची बाजू. पंचवटीच्या आत शिरू नका. २०२७ला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत तपोवन आणि रामकुंडाकडचे रस्ते तुमच्या ड्युटीच्या वेळा बघून मोकळे होणार नाहीत.

कॉलेज रोड, गंगापूर रोड: नाही. शनिवारी फिरायला जा, खरेदी करा, मिसळ खा, परत या.

आता घर बघायचं कसं. ब्रोकर तुम्हाला सकाळी अकराला नेतो. अकराला प्रत्येक घर चांगलं दिसतं. तुम्ही दुपारी शाळा सुटते त्या वेळेला आणि संध्याकाळी सातला, असं दोनदा जा, तेही त्याला न सांगता. शाळेचा तो कागद हातात ठेवून बसथांब्यापासून बिल्डिंगच्या दारापर्यंत चालत या. लहान मुलाचं बोट धरून, पाठीवर त्याचं दप्तर घेऊन, रस्ता ओलांडून. मध्ये ट्रकचा रस्ता आहे का? सावली आहे का? पावसात पाणी साचेल असा खळगा आहे का? जिन्याखाली बसलेल्या काकूंना विचारा, पाणी किती वाजता येतं. मालक सांगेल "चोवीस तास". काकू सांगतील "सकाळी पाऊण तास, तेही वरच्या मजल्याला कमी". काकूंवर विश्वास ठेवा. नाशिक रोड भागात उन्हाळ्यात पाण्याला वास येतो का, तेही याच काकूंना विचारा.

संध्याकाळच्या फेरीत दिवे बघा. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण दारणा नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, २०२०मध्ये त्या भागात माणसं गेली. वडनेर, विहितगाव, भगूरच्या कडेला, मागे मोकळं रान किंवा ऊस असलेल्या बैठ्या घरात लहान मुलं घेऊन राहू नका. "आमच्याकडे कधी आला नाही हो" असं मालक म्हणाला तरी नाही. दुसरा मजला घ्या आणि निवांत झोपा.

तोफांच्या आवाजाचं मात्र कुणाला भय घालू नका. रेंजवर फायरिंग असलं की देवळालीकडच्या खिडक्या थरथरतात, पोरं पहिल्या दिवशी दचकतात, आठवड्याने "आज मोठी होती ना?" एवढंच विचारतात. फक्त कुत्रा असेल तर त्याचा विचार करा.

मालकाशी बोलताना एक नवीनच भानगड आहे. "मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर येतोय, घर न बघताच ॲडव्हान्स पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा" असं सांगून लोकांची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांनी फौजीचं नाव बदनाम केलंय. त्यामुळे जम्मूहून फोन केला तर मालक ठेवूनच देतो, आणि त्याचं चूक नाही. फोनवर सौदा करायचाच नाही. आधी एकट्याने येऊन, गेस्टरूममध्ये दोन दिवस राहून, समोरासमोर बोला. आणि ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, ना मालकाला ना ब्रोकरला. त्या टोळ्यांना असलेच फोटो लागतात. कार्ड दाखवायचं, परत खिशात ठेवायचं. कोणतं युनिट, कुठे जाणार, किती दिवस नसणार, हे तर अजिबात बोलायचं नाही. नवरा नेमका कधी घरी नाही, हे सोसायटीच्या ग्रुपला कळायची गरज नाही.

करारनामा. इथे हट्ट करा

महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार चालतो आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. "शंभरच्या स्टॅम्पवर करून टाकू की" म्हणणाऱ्या मालकाला सांगा, नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम त्याच्यावर येतं. हे ऐकलं की मालक स्वतःच ऑनलाइन नोंदणीची अपॉइंटमेंट घेतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही तेव्हाच उरका.

खरी मेख लॉक-इनमध्ये असते, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता येत नाही या अटीत. छापील करारात सहा महिन्यांचं लॉक-इन गुपचूप बसलेलं असतं. चौथ्या महिन्यात क्वार्टर मिळालं की मालक हात वर करतो. आमच्या एका मालकाने क्वार्टरची ऑर्डर दाखवल्यावर आधी लॉक-इन काढलं, मग रंगाचे पैसे काढले, मग खिळ्याच्या भोकांचे. देव्हाऱ्यासाठी ठोकलेले दोन खिळे. म्हणून ही ओळ करारात शब्दशः घालून घ्या ('परवानाधारक' म्हणजे भाडेकरू):

"परवानाधारकास शासकीय निवासस्थान मिळाल्यास अथवा त्याची बदली झाल्यास, एक महिन्याच्या लेखी सूचनेनंतर तो करार संपवू शकेल. अशा वेळी लॉक-इनची अट लागू होणार नाही आणि अनामत रक्कम, थकबाकी असल्यास ती वजा करून, जागेचा ताबा देतानाच परत केली जाईल."

'शासकीय निवासस्थान' हे शब्द गाळू देऊ नका. नुसतं 'बदली' लिहिलं तर क्वार्टर मिळाल्यावर तुम्ही अडकता, कारण बदली झालेलीच नसते. मालक ही ओळ घ्यायला तयार नसेल तर घर कितीही छान असो, उठा. चहा घेतला असला तरी उठा.

भाडं किती असावं? भाडेभत्त्यात बसेल एवढं. भाडेभत्त्यासाठी सरकारने शहरांचे वर्ग पाडलेत, त्यात नाशिक 'वाय' वर्गातलं शहर आहे. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबाने महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, या वर्गाला मूळ पगाराच्या २० टक्के भाडेभत्ता आहे. ओझरवाल्यांनी आपल्या ठिकाणाचा दर अकाउंट्सला विचारूनच घर बघावं. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, तेही तेव्हाच विचारा. तो नंतर निघतो.

५. क्वार्टर मिळाल्यावर

घ्या. जुनं असलं, बाथरूमच्या फरशीला भेग असली तरी घ्या. फाटकावर पहारा, पायाखालच्या अंतरावर कॅन्टीन, मुलांना खेळायला मैदान आणि रात्री अडीचला दार वाजवता येईल अशी शेजारीण. हे फ्लॅटमध्ये भाड्याने मिळत नाही. एकच अपवाद: दहावी-बारावीचं मूल आणि शाळा दुसऱ्या टोकाला. तेव्हा आधी भाडेभत्त्याचं काय होईल ते ऑफिसात विचारा, मग नाही म्हणा.

ताबा घेताना घाई नको. एमईएसचा (क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या लष्करी खात्याचा) माणूस यादी पुढे करतो आणि पेन देतो. पेन खाली ठेवा. प्रत्येक नळ सोडा, गिझर पाणी तापेपर्यंत चालू ठेवा, पंख्याचा रेग्युलेटर पाचही नंबरवर फिरवून बघा, खिडक्यांच्या कड्या लावून बघा. जे मोडलंय ते यादीवर लिहून त्याची सही घ्या. नाहीतर निघताना ते मोडल्याची भरपाई तुमच्याकडून मागितली जाते.

६. सामान

काळ्या पेट्यांवर नंबर टाका. कुकर, गॅसची शेगडी, मुलांचे युनिफॉर्म आणि टीसीची फाइल ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःबरोबर आणा.