घरचा मेल सर्व्हर: उभा करणं सोपं, मेल पोचवणं अवघड

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर नेटवर्क्स विषयात एसएमटीपी, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पाठवायची पद्धत, सगळेच शिकतात. १९८२ साली ठरलेली ही पद्धत आजही साधीच आहे. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (आलेली मेल वाचायला देणारा) टाकलं की सुट्टीच्या दिवशी घरच्या जुन्या पीसीवर मेल सर्व्हर उभा राहतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुलं सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम शिकू बघताहेत, त्यांनी हे जरूर करावं. पण खरी झटापट त्यानंतर सुरू होते, आणि ती आधी कोणी सांगत नाही.

पहिला अडसर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो क्रमांकाचा दरवाजा. टेलनेट या जोडणी तपासायच्या कमांडने बाहेरच्या एखाद्या मेल सर्व्हरच्या या पोर्टवर जाऊन बघा. 'ट्राइंग' एवढं उमटतं, कर्सर लुकलुकत राहतो आणि बऱ्याच वेळाने 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. घरगुती लाईनवर बऱ्याच कंपन्या हा पोर्ट बाहेर जाताना बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेले घरचे पीसी याच वाटेने स्पॅम ओतायचे. राऊटरवरचा वॅन आयपीही, म्हणजे नेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता, तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. तिथे बाहेरची मेल आतही येणार नाही. स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा स्वतःचा आयपी घ्यावाच लागतो.

तो मिळाला की पीटीआर नोंद. हिच्यापायी मी सगळ्यात जास्त फोन केले. आयपीवरून नाव सांगणारी ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही, ज्याचा आयपी त्यानेच करायची असते. आमच्या भागातल्या नेटवाल्याचं उत्तर ठरलेलं: "नेट चालू आहे की तुमचं, मग कंप्लेंट कसली?" त्याच्या हातात तरी काय होतं म्हणा, पण वरच्या ऑफिसातही समजून घेणारा माणूस भेटेना.

त्यातच स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल यादी; अनेक मेल सर्व्हर ती बघून मेल नाकारतात. घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे तिच्यात असतात, बऱ्याचदा नेट कंपनीनेच दिलेले. तुम्ही स्पॅम पाठवला असा तो आरोप नाही. या पत्त्यांवरून थेट मेल येऊ नये, एवढंच धोरण. स्टॅटिक आयपी आणि नीट पीटीआर असेल तर नाव काढायचा अर्ज करता येतो.

डोमेनच्या पॅनेलमधल्या एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कुठून येऊ शकते याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) आणि डीमार्क (हे दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं) या नोंदी मात्र तुमच्या हातात आहेत, त्या पहिल्याच दिवशी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, पीटीआरही लागतो.

एवढं करूनही मेल अडते, याचा मला मनापासून राग येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात मामेभावाची लहान फाउंड्री आहे. तिथून पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोटेशन गेलं, लॉगमध्ये २५० म्हणजे 'स्वीकारलं' असं स्वच्छ दिसत होतं, आणि मेल तिकडे स्पॅममध्ये पडून राहिली. ५५० म्हणजे 'नाकारलं' असा कोड आला असता तर निदान कारण कळलं असतं. गल्लीत एक चोर निघाला म्हणून सगळ्या गल्लीला उधार बंद, तसा हा न्याय. स्पॅमचा पूर खरा आहे हे मान्य, पण प्रामाणिक लहान माणसाला दाद मागायला दार हवं.

आता मी येणारी मेल घरीच घेतो. पावसाळ्यात वीज तासन्तास गेली तरी बिघडत नाही, कारण पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो; सेटिंग बदललं नसेल तर पोस्टफिक्स पाच दिवस थांबतो. जाणारी मेल रिलेमार्फत, म्हणजे आपली मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत, पोर्ट ५८७ वरून. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' आणि लॉगिन भरायचं, रिलेवाल्याला एसपीएफमध्ये घ्यायचं.

लॉग रोज वाचा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, ५ ने सुरू होणारा म्हणजे नाही. आणि सरावासाठी वेगळं, स्वस्त डोमेन घ्या. नोकरीचे अर्ज ज्या पत्त्यावरून करता, तो या सर्व्हरवर एवढ्यात आणू नका.